चाळीस गुण करूनही संघ हरतो तेव्हा

२०१५ च्या जून महिन्यात एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेचे सामने आपल्याकडे सकाळी साडेसहाला सुरू व्हायचे. अमेरिकेतला रविवार असला की सोमवारी पहाटे साडेपाचलाच. टीव्हीचा आवाज बारीक ठेवून, क्लीव्हलँड कॅव्हलियर्सच्या लेब्रॉन जेम्सला एकट्याने डोंगर उपसताना बघायचं, असा तो पंधरवडा गेला. पहिल्या सामन्यात त्याने ४४ गुण केले, तिसऱ्यात ४०, पाचव्यात पुन्हा ४०. सहा सामन्यांची सरासरी निघाली ३५.८ गुण, १३.३ रिबाउंड आणि ८.८ असिस्ट. मालिका मात्र गोल्डन स्टेट वॉरियर्सने ४-२ अशी जिंकली. अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब गेला वॉरियर्सच्या आंद्रे इग्वोडालाकडे. त्याची सरासरी होती १६.३ गुण! अकरा मतांपैकी सात त्याला, चार लेब्रॉनला. आणि त्या हंगामाचा एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू), वॉरियर्सचा लाडका स्टेफन करी? त्याला एकही मत नाही.

त्या दिवशी आमच्या मित्रमंडळींत जे भांडण जुंपलं ते अजून मिटलेलं नाही. पण मालिका बघायची कशी हे मी त्या भांडणातूनच शिकलो, म्हणून हा लेखही त्याच मालिकेच्या आधाराने लिहितो आहे. नव्याने बास्केटबॉल बघू लागलेल्यांनी पुढच्या प्लेऑफला एक शंभरपानी वही जवळ ठेवावी. सकाळी मोबाइलवर स्कोअर बघून चहा संपायच्या आत निकाल देणाऱ्या जुन्या जाणत्यांनीही ठेवायला हरकत नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. एनबीएच्या नेहमीच्या हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. आज एक प्रतिस्पर्धी, परवा दुसरा, मध्ये विमानप्रवास. कोणा एका खेळाडूचा तोडगा शोधत बसायला कोणाला वेळ नसतो. प्लेऑफमध्ये तेच दोन संघ सात सामन्यांपर्यंत समोरासमोर येतात. पहिल्या सामन्यात तुमची जी हुकमी चाल चालली, तिच्यावर उतारा शोधत समोरचा प्रशिक्षक रात्रभर व्हिडिओ बघत बसलेला असतो. म्हणून माझ्या मते मालिकेतल्या खेळाडूला दोनच प्रश्न लावावेत. याच्यामुळे समोरच्या संघाला काय बदलावं लागलं? आणि त्यांनी बदल केल्यावर याने काय केलं? बाकी सगळे आकडे या दोन प्रश्नांची उत्तरं शोधायला कामाला लावायचे.

आता आकडे. गुण हा सर्वांत मोठा दिसणारा आणि सर्वांत जास्त फसवणारा आकडा. तो कधीही एकटा वाचू नका, शेजारी किती शॉट मारले ते बघा. करीने दुसऱ्या सामन्यात २३ शॉट मारले आणि पाच घातले, गुण १९. पाचव्या सामन्यात बरोबर तेवढेच २३ शॉट मारले, तेरा घातले, गुण ३७. शॉट तेवढेच, पण एका दिवशी शॉटमागे एक गुणही पडला नाही, दुसऱ्या दिवशी दीडाहून जास्त पडले. गुणांना शॉटने भागण्याचा हा घरगुती हिशेब वहीच्या समासात सहज होतो. त्याहून बिनचूक हवा असेल तर ‘ट्रू शूटिंग’ काढा: फ्री थ्रोच्या संख्येला ०.४४ ने गुणा, त्यात शॉट मिळवा, बेरीज दुप्पट करा आणि तिने एकूण गुणांना भागा. ०.४४ कुठून आलं? फ्री थ्रो बहुधा जोडीने मिळतात, म्हणून एक फ्री थ्रो म्हणजे साधारण अर्धी संधी. पण बास्केट झाल्यावर बोनस म्हणून मिळालेला एखादा फ्री थ्रो वेगळी संधी खर्च करत नाही, म्हणून अर्ध्याहून थोडं कमी.

हा हिशेब लावला की लेब्रॉन अडचणीत येतो. सहा सामन्यांत १९६ शॉट, त्यातले ७८ आत. म्हणजे चाळीस टक्केसुद्धा नाहीत. ‘बघा, एवढे शॉट मारले तर गुण होणारच’ असं म्हणणारे तेव्हाही होते. पण इथेच वहीत दुसरा रकाना आखावा लागतो: हा शॉट मारायला दुसरं कोण होतं? सहकारी केव्हिन लव्हचा खांदा पहिल्याच फेरीत निखळला होता. कायरी अर्व्हिंगच्या गुडघ्याची वाटी अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात, जादा वेळेत, फुटली. चेंडू हातात घेऊन स्वतः संधी तयार करू शकेल असा कॅव्हलियर्सकडे दुसरा माणूस उरला नव्हता. २४ सेकंदांचं घड्याळ संपत आलं की चेंडू फिरून त्याच्याकडेच यायचा आणि तो शेवटच्या क्षणीचा बेभरवशाचा शॉट त्याच्याच खात्यावर लागायचा. तोही सरासरी पंचेचाळीस मिनिटांहून जास्त मैदानावर राहून, आणि सामना असतो अठ्ठेचाळीस मिनिटांचा. कमी टक्केवारी हा नेहमीच दोष नसतो, कधी कधी ते ओझ्याचं माप असतं. दोन्हींतला फरक आकड्यात दिसत नाही. शॉटच्या आधीचे दहा सेकंद बघितले की दिसतो.

खेळाचा वेगही लक्षात घ्या. त्या मालिकेत कॅव्हलियर्सनी जाणूनबुजून खेळ संथ केला होता. वॉरियर्सच्या पळापळीला तेच उत्तर त्यांच्या ताकदीत होतं. संथ सामन्यात दोन्ही संघांच्या वाट्याला चेंडू कमी वेळा येतो, त्यामुळे सगळ्यांचेच आकडे आक्रसतात. म्हणून जाणकार मंडळी सामन्यामागे किती यापेक्षा शंभर पझेशनमागे, म्हणजे चेंडू ताब्यात येण्याच्या शंभर खेपांमागे किती असं मोजतात. तुम्हाला ते गणित करायची गरज नाही, तयार मिळतं. ते बघायची सवय मात्र लावून घ्या, विशेषतः दोन वेगळ्या दशकांतल्या खेळाडूंची तुलना करायची खुमखुमी आली तर.

बचाव मोजणं सर्वांत अवघड, आणि मालिका बहुतेक वेळा तिथेच ठरते. स्टील आणि ब्लॉक हे आकडे एनबीएने १९७३-७४ च्या हंगामापासून नोंदायला घेतले. अकरा अजिंक्यपदं जिंकणाऱ्या बिल रसेलने जन्मभरात किती शॉट अडवले याची अधिकृत मोजदाद नाही. आणि २००९ पासून अंतिम मालिकेचा हा किताब त्याच्याच नावाने दिला जातो! आजही बचावाचं जे काम कागदावर उतरतं ते थोडंच. चेंडू हिसकावून घेणारा दिसतो. ज्याच्यामुळे समोरच्याने पास द्यायचाच टाळला तो दिसत नाही. क्रिकेट बघणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. एका टोकाने निर्धाव षटकं पडत राहतात आणि विकेट दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाला मिळते.

यासाठी मी एक युक्ती वापरतो. प्रत्येक क्वार्टरमधली चार मिनिटं चेंडूकडे बघायचंच नाही. एक बचावपटू निवडायचा आणि फक्त त्याच्यावर नजर ठेवायची. सुरुवातीला डोळे ऐकत नाहीत, कॅमेराही चेंडूमागे पळतो, पण दोन-तीन सामन्यांत जमतं. तीन गोष्टी टिपायच्या. समोरच्याला हव्या त्या जागेवर चेंडू मिळतोय का? मिळाला तेव्हा घड्याळात किती सेकंद उरलेत? आणि स्क्रीन लागल्यावर, म्हणजे समोरच्या संघातला कोणी वाट अडवून उभा राहिल्यावर, हा बचावपटू अडकतो, वळसा घालतो की अदलाबदल करतो? इग्वोडालाचं लेब्रॉनवरचं काम असं बघितलं की सात मतं कुठून आली ते कळतं. लेब्रॉनला त्याने थांबवलं नाही, तसं कोणी थांबवू शकत नव्हतं. प्रत्येक बास्केटची किंमत मात्र त्याने वाढवली. एक पाऊल लांबून, दोन सेकंद उशिरा, दमलेल्या पायांनी मारायला लावलं.

आता त्या मालिकेतला कळीचा सामना, चौथा. तोपर्यंत कॅव्हलियर्स २-१ ने पुढे होते. वॉरियर्सचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांचे विशेष सहायक निक यूरेन यांनी आदल्या वर्षीच्या अंतिम मालिकेचे व्हिडिओ बघताना एक गोष्ट हेरली होती. सॅन अँटोनियो स्पर्सनी तेव्हा तियागो स्प्लिटर या उंच खेळाडूऐवजी बोरिस डियाऊला सुरुवातीच्या पाचांत घेतलं होतं आणि त्यांचा खेळ मोकळा झाला होता. तसंच आपणही करावं, असं यूरेन यांनी सुचवलं. कर यांनी सात फुटी अँड्र्यू बोगटला बसवून इग्वोडालाला सुरुवातीला उतरवलं. हा इग्वोडाला त्या हंगामात ७७ सामने खेळला होता आणि सगळेच्या सगळे बाकावरून उठून. सामना सुरू झाला आणि कॅव्हलियर्स ७-० ने पुढे! त्या मिनिटाला निकाल दिला असता तर प्रयोग फसलाच होता. शेवटी वॉरियर्स १०३-८२ ने जिंकले आणि इग्वोडालाने २२ गुण केले.

पण त्या सामन्यातला माझा आवडता आकडा दुसराच आहे. कॅव्हलियर्सचा उंच रशियन सेंटर तिमोफे मोझगोव्ह याने २८ गुण केले. संघात सर्वाधिक, लेब्रॉनच्या वीस गुणांहूनही जास्त. दुसऱ्या दिवशी नुसता बॉक्स स्कोअर वाचणाऱ्याला वाटावं, या माणसाने तर कमालच केली. वास्तविक वॉरियर्सनी उंची सोडून वेग घेतला होता आणि त्या सौद्यात मोझगोव्हला बास्केटखाली मिळणारे दोन-दोन गुण त्यांनी गृहीतच धरले होते. तो तिकडे दोन गुण करायचा आणि इकडे त्याला तीन गुणांच्या रेषेपर्यंत धावत येऊन लहानखुऱ्या, चपळ खेळाडूंना आवरावं लागायचं. पाचव्या सामन्यात कॅव्हलियर्सचे प्रशिक्षक डेव्हिड ब्लॅट यांनी त्याला जेमतेम नऊ मिनिटं खेळवलं, गुण शून्य. म्हणजे समोरच्याच्या चालीने चालायला तेही तयार झाले. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. दमलेल्या, माणसं कमी असलेल्या संघाने पळण्याच्या शर्यतीत उतरू नये. सहाव्या सामन्यात मोझगोव्ह परतला, १७ गुण आणि १२ रिबाउंड मिळवले, पण तोवर मालिका हातातून निसटली होती. सांगायचा मुद्दा असा की एखाद्याने भरपूर गुण केले की आधी विचारा, ते समोरच्याने करू दिले का? आणि एखाद्याची मिनिटं अचानक घटली तर तो वाईट खेळला असं धरून चालू नका. कधी कधी त्याच्या वाट्याचा सामनाच बदललेला असतो.

करीच्या शून्य मतांबद्दल माझी तक्रार आहे ती याच कारणाने. पिक अँड रोल झाला, म्हणजे सहकाऱ्याने करीसाठी स्क्रीन लावून बास्केटकडे धाव घेतली, की कॅव्हलियर्सचे दोघे बचावपटू त्याच्या अंगावर यायचे. दोघे एकावर आले की उरलेल्या मैदानात वॉरियर्सचे चौघे आणि समोर तिघेच. करी चेंडू सोडून द्यायचा, ड्रेमंड ग्रीन तो मधोमध घ्यायचा आणि तिथून पुढे पास किंवा बास्केट. सुरुवातीच्या सामन्यांत ग्रीनला ही मोकळीक पेलली नाही. सहाव्या सामन्यात त्याने १६ गुण, ११ रिबाउंड आणि १० असिस्ट केले. कागदावर असिस्ट ग्रीनचा, बास्केट तिसऱ्याची, आणि ज्याच्या भीतीने हे दार उघडलं त्या करीच्या नावापुढे काहीच नाही. वहीत यासाठी एक खूण ठरवा. मी ‘दोघे’ एवढाच शब्द लिहितो. एखाद्यावर दोघे धावून आले की त्याच्या नावापुढे एक रेघ. सामना संपल्यावर रेघा मोजा. ज्याच्यापुढे सर्वांत जास्त, त्याच्यासाठी समोरच्या संघाने आपली घडी मोडली असं समजायला हरकत नाही.

मॅथ्यू डेलाव्हेडोव्हाचं प्रकरण घाईत निकाल देणाऱ्यांसाठी आहे. अर्व्हिंग जायबंदी झाल्यावर हा ऑस्ट्रेलियन गडी दुसऱ्या सामन्यात करीला जळवेसारखा चिकटला आणि शेवटच्या क्षणांत विजयाचे फ्री थ्रोही त्यानेच घातले. तिसऱ्यात २० गुण केले आणि सामन्यानंतर अंग इतकं आखडलं की रुग्णालयात न्यावं लागलं. दोन दिवस सगळीकडे त्याचंच नाव. ‘करीवर याने कायमचा तोडगा काढला’ इथपर्यंत मजल गेली. चौथ्या सामन्यात त्याने १४ शॉटपैकी तीन घातले, पाचव्यात करीने ३७ गुण ठोकले. डेलाव्हेडोव्हा खोटा नव्हता. त्याने अंगातलं होतं नव्हतं ते दिलं, पण दोन सामने म्हणजे पुरावा नव्हे. लांबून मारलेले शॉट तर निव्वळ लहरी. चांगला नेमबाजही एखाद्या रात्री दहापैकी एक घालतो आणि त्याच हाताने परवा सहा घालतो. माझा नियम असा: तिसरा सामना संपेपर्यंत कोणाबद्दल ठाम बोलायचं नाही.

प्लस-मायनस हा आकडा सध्या सगळ्यांच्या तोंडी असतो. खेळाडू मैदानावर असताना संघाने किती कमावलं आणि किती गमावलं याचा तो हिशेब. चांगला आहे, पण एका सामन्यापुरता वापराल तर तोंडावर पडाल, कारण तुमच्याबरोबरचे चौघे आणि समोरचे पाच जण त्यात तुमच्या इतकेच सामील असतात. मात्र कधी कधी डोळ्यांना न दिसलेलं तो दाखवून जातो. २०१६ च्या अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात केव्हिन लव्हने नऊच गुण केले. सामना कॅव्हलियर्सनी चार गुणांनी जिंकला आणि लव्हचा प्लस-मायनस होता अधिक १९. चौदा रिबाउंड होतेच. शिवाय शेवटच्या मिनिटात, बरोबरी साधायला तीन गुण हवे असलेल्या करीसमोर हा अवजड माणूस एकटा सापडला आणि तरी हलला नाही. अशा वेळी आकडा बघून मागे जायचं आणि व्हिडिओत कारण शोधायचं. निकाल नक्की झाल्यावर सामना संपायच्या वेळी दोन्हीकडचे राखीव खेळाडू जी मिनिटं ढकलतात, ती मात्र सगळीच हिशेबातून काढून टाका.

आवडत्या खेळाडूचं उणंही तितक्याच ठळक अक्षरात लिहा. इग्वोडालाने पाचव्या सामन्यात ११ फ्री थ्रोपैकी दोनच घातले. समोरचे त्याला मुद्दाम फाउल करत होते, कारण ही उणीव त्यांनी हेरली होती. किताब मिळाला म्हणून हे पुसायचं नाही.

आणि किताबावरून भांडायचंच असेल तर आधी प्रश्न ठरवून घ्या. सर्वांत चांगलं कोण खेळलं, मालिकेचं पारडं कोणी फिरवलं आणि कोणाशिवाय संघ उभाच राहिला नसता, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. २०१५ पुरती माझी उत्तरं अनुक्रमे लेब्रॉन, इग्वोडाला आणि करी. म्हणजे आमच्या मित्रमंडळींतला प्रत्येक जण आपल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देत होता आणि दुसऱ्याचा प्रश्न ऐकत नव्हता. हरलेल्या संघातल्या खेळाडूला हा किताब आजवर एकदाच मिळाला आहे, तोही अगदी पहिल्या वर्षी, १९६९ मध्ये, लॉस एंजेलिस लेकर्सच्या जेरी वेस्टला. १९८० मध्ये करीम अब्दुल-जब्बार पाच सामने लेकर्सचा आधारस्तंभ होता. घोटा दुखावल्याने तो सहाव्याला मुकला, वीस वर्षांच्या मॅजिक जॉन्सनने त्या एका सामन्यात ४२ गुण, १५ रिबाउंड आणि ७ असिस्ट केले, आणि किताब मॅजिकला गेला. शेवटचा सामना मतदारांच्या डोळ्यांसमोर ताजा असतो. तुमच्या वहीत मात्र पहिल्या सामन्याचं पानही तेवढंच जाड असतं.

सरावासाठी नव्या हंगामाची वाट बघायची गरज नाही. वॉरियर्स आणि कॅव्हलियर्सचीच २०१६ ची अंतिम मालिका काढा आणि पाचव्या सामन्यापासून बघा. वॉरियर्स तेव्हा ३-१ ने पुढे होते. पाचव्या सामन्यात ग्रीन निलंबित होता आणि त्याच सामन्यात बोगटचा गुडघा गेला. लेब्रॉन आणि अर्व्हिंग दोघांनीही त्या रात्री ४१-४१ गुण केले, त्यामुळे सगळ्यांची नजर त्यांच्यावरच खिळते. तुम्ही वॉरियर्सच्या हॅरिसन बार्न्सकडे बघा. शेवटच्या तीन सामन्यांत त्याने ३२ शॉट मारले आणि पाच घातले. त्यातले बरेच शॉट मोकळे होते. ते इतके मोकळे का होते, समोरचे त्याला सोडून कोणाकडे धावत होते, आणि हे कॅव्हलियर्सनी ठरवून केलं की आपोआप घडलं? प्रत्येक शॉटपाशी व्हिडिओ थांबवा आणि उरलेले नऊ जण कुठे उभे आहेत ते वहीत काढा. बत्तीस आकृत्या होतील. एका रविवारची दुपार पुरते.